सरावाआधी रक्त तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या १२ ऑगस्टच्या अंकात क्रीडा पानावर महाविद्यालयीन फुटबॉल संघांच्या तयारीची बातमी आली होती. तिच्यात माझ्या नातीच्या कॉलेजच्या मुलींच्या संघाला अडीच ओळी मिळाल्या. दोन्ही सराव सामने हरले, उत्तरार्धात संघ ढेपाळला, मुलींमध्ये दमसास आणि जिद्द दोन्ही कमी दिसली, असा त्यांचा मथितार्थ. ढेपाळला हे खरं आहे. दोन्ही सामन्यांना मी कडेला छत्री धरून उभी होते. पण जिद्दीबद्दलचं ते वाक्य वाचल्यावर मला रात्री झोप लागली नाही. तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते. मग ठरवलं की २४ तारखेचा तिसरा सामना होऊ दे, तो बघते आणि मगच लिहिते.

मी पालिकेच्या रुग्णालयात ३४ वर्षं परिचारिका होते, त्यातली बरीचशी वर्षं बायकांच्या मेडिकल वॉर्डात. राहते लालबागला. नात दुसऱ्या वर्षाला आहे आणि लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडे बचावाला, खेळते. सराव सकाळी साडेसहाला असतो. पावसाळ्यात पहाटे तिला एकटीला कशाला पाठवायचं म्हणून सोबत गेले, ती जातच राहिले. वॉर्डात दर चार तासांनी नाडी, ताप, श्वास लिहायची सवय हाडात मुरलेली, त्यामुळे मैदानावरही वही काढली. आज किती जणी आल्या, पाऊस किती, कोण कितव्या मिनिटाला थांबली, कोणाच्या पोटरीत गोळा आला, कोणी पाणी मागितलं. २२ जुलैपासूनची ती वही समोर ठेवूनच हे पत्र लिहिते आहे.

पहिला सराव सामना २७ जुलैला, रविवारी झाला. पस्तीस-पस्तीस मिनिटांचा. पाऊस थांबला होता, पण दोन्ही गोलपोस्टांपुढे घोट्याएवढं पाणी होतं. पहिल्या पस्तीस मिनिटांत आमच्या पोरी सुंदर खेळल्या. मधली पोरगी चेंडू पायाखाली दाबून, मान वर करून, बघूनच पास द्यायची. उजवीकडची विंगर कडेच्या चिखलातून दोनदा सुटली. कॉर्नरवरून आलेल्या चेंडूला डोकं लावून गोल झाला. मध्यंतराला १-०. माझ्या वहीत पन्नासाव्या मिनिटापर्यंत काळजीची एकही नोंद नाही. पुढच्या नोंदी जशाच्या तशा देते : '५१, मधल्या दोघी चालत परत येताहेत. ५३, विंगर कमरेवर हात ठेवून उभी. ५५, गोल. चेंडू समोरून गेला, कोणी हललं नाही. ५९, गोल. ६०, दोघींच्या पोटरीत गोळे.' सामना संपला तेव्हा १-४. चारही गोल शेवटच्या पंधरा मिनिटांत.

३ ऑगस्टच्या दुसऱ्या सामन्यात मध्यंतराला ०-० होतं. पहिला गोल खाल्ला बावन्नाव्या मिनिटाला, आणि शेवटी ०-३. वहीतली दोन्ही पानं शेजारी ठेवली तर तारीख सोडून फार फरक दिसत नाही.

फुटबॉल माझ्या घरात जुना आहे. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. रोव्हर्स कप या फुटबॉल स्पर्धेच्या दिवसांत पहिली पाळी संपवून ते थेट कुपरेजचं मैदान गाठायचे. कोलकात्याचे मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मेडन स्पोर्टिंग असे संघ यायचे. मला त्यांनी एकदाच नेलं. खेळ फारसा आठवत नाही, शेंगदाण्याची पुडी आणि वडिलांचा घसा बसलेला आठवतो. नेव्हिल डिसूझाचं नाव ते देवासारखं घ्यायचे. मुंबईच्या मैदानांवर खेळणाऱ्या या माणसानं १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकट्यानं तीन गोल केले, आपण ४-२ जिंकलो आणि त्या स्पर्धेत चौथे आलो. संघ हरून घरी आले की वडील एकच वाक्य बोलायचे : 'पहिला हाफ सगळेच खेळतात गं.'

नातीला हे वेड लागलं ते २०२२च्या फेब्रुवारीत. महिलांच्या आशियाई चषकाची अंतिम लढत आपल्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होती आणि आम्ही दोघी ती टीव्हीवर बघत होतो. मध्यंतराला दक्षिण कोरिया २-० पुढे. चीननं अडुसष्टाव्या मिनिटाला पहिला गोल केला, चार मिनिटांत दुसरा, आणि भरपाईच्या वेळेत तिसरा. चषक चीननं नेला. नात तेव्हा शाळेत होती. ती म्हणाली, 'आजी, यांचे पाय दुखत नाहीत का?' हा प्रश्न मला आत्ता, तीन वर्षांनी, आमच्या मैदानाच्या कडेला उभं असताना परत आठवला.

दुसऱ्या पराभवानंतर कोच सरांनी तेच केलं जे कोणीही केलं असतं. शेवटी दम कमी पडतो, तर दम वाढवा. सरावाआधी मैदानाला दहा फेऱ्या. सर भला माणूस आहे. दुसरीकडे नोकरी करून पहाटे येतो, मुलींशी अदबीनं बोलतो, एकीलाही कधी टोचून बोललेला मी ऐकलेला नाही. ६ ऑगस्टला आठव्या फेरीत गोलकीपर पोरगी आधी खाली बसली आणि मग आडवी झाली. मी धावले. पाय उचलून धरले, गळ्याचं बटण सोडलं. नाडी एकशे तीसच्या वर, ओठ पांढरे. खालची पापणी ओढून बघितली, आतली बाजू कागदासारखी. थोड्या वेळानं ती उठून बसली तेव्हा विचारलं,

'काय खाल्लंयस?'

'रात्री भात, आजी.'

'आणि सकाळी?'

'चहा. पावणेपाचला निघते ना मी बदलापूरहून.'

'पाळी कधी आली?'

तिनं सरांकडे बघितलं. सर लांब होते. 'कालच आलीय.'

'सरांना सांगितलंस?'

तिनं मान हलवली. सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हती, आणि अंगात ताकद नसताना ती आठ फेऱ्या धावली होती. आपल्या वार्ताहरांना जिद्द कमी दिसली ती या पोरींमध्ये.

मी सरांना म्हटलं, सर, आठ दिवस फेऱ्या थांबवा, आधी सगळ्यांचं रक्त तपासू. ते लगेच हो म्हणाले. पालिकेच्या 'आपला दवाखाना'त ही तपासणी फुकट होते, फक्त जायला हवं. तीन तुकड्या करून मी त्यांना घेऊन गेले. एकोणीस जणींची तपासणी झाली. बाईचं हिमोग्लोबिन १२च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. एकोणिसांपैकी अकरा जणी त्या रेषेखाली निघाल्या, चौघी तर १०च्याही खाली. गोलकीपर ८.६. माझी स्वतःची नात १०.९. माझ्या घरात, माझ्या हातचं जेवून, ३४ वर्षं दुसऱ्यांच्या लेकींच्या पापण्या ओढून बघितल्यावर. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण लिहायलाच हवं, कारण पुष्कळ घरांत हेच असणार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. आमचा संघ या आकड्याच्या शेजारीच बसतो.

रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. ते कमी असेल तर हृदय जास्त जोरानं धावून ती कसर भरून काढतं. पहिला हाफ अशा मुलीचा बरा जातो, बघणाऱ्याला काही कळतही नाही. त्यातून आपला ऑगस्ट. हवेत इतका दमटपणा की घाम अंगावरच राहतो, सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. उष्णता बाहेर टाकायला शरीर रक्त कातडीकडे वळवतं, म्हणजे मुळात कमी असलेलं रक्त पायांना आणखी कमी मिळतं. पन्नासाव्या मिनिटाला आमच्या पोरी चालायला लागायच्या, त्याचं कारण इथे आहे. अशा मुलीला दहा फेऱ्या मारायला लावून दम वाढत नाही, ती आडवी होते.

पाण्याचीही एक गोष्ट आहे. पहिले दहा-बारा दिवस माझ्या वहीत पाण्याच्या रकान्यात जवळजवळ काहीच नाही. मला वाटायचं, बाटल्या आणायला विसरतात. विचारल्यावर कळलं की त्या मुद्दाम पाणी पीत नव्हत्या. मैदानाजवळच्या शौचालयाला सकाळी आठपर्यंत कुलूप. वसईहून, घणसोलीहून, बदलापूरहून दीड-दोन तास प्रवास करून आलेल्या मुलींनी साडेसहा ते आठ काय करायचं? म्हणून घरून निघतानाही त्या घोटभरच पाणी प्यायच्या. मी आणि दोन मुलींच्या आया पहारेकऱ्याला भेटलो. त्यानं दुसऱ्या दिवसापासून किल्ली सव्वासहाला लावली. इतकं सोपं होतं. याआधी कोणी विचारलं नव्हतं एवढंच.

आता औषधाचं सांगते, कारण खेळ शिकवणाऱ्यांना आणि पालकांना याचा अंदाज नसतो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दहा जणींना लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या १० ऑगस्टला सुरू झाल्या. अकराव्या मुलीच्या रक्तपेशी आकारानं फार लहान आणि संख्येनं जास्त दिसल्या. तिला थॅलेसेमिया मायनर, म्हणजे लोह कमी नसतानाही हिमोग्लोबिन कमी ठेवणारा आनुवंशिक दोष, आहे का हे बघायला पुढची तपासणी सांगितली आणि गोळी दिली नाही. म्हणून मी म्हणते की तपासल्याशिवाय कोणीही दुकानातून गोळ्या आणून मुलींना देऊ नयेत. गोळी सुरू केल्यावर शौचाला काळं होतं, थोडं मळमळतं, त्यानं घाबरून अर्ध्या मुली चौथ्या दिवशी गोळी सोडतात. मी रोज सकाळी विचारते, वहीत खूण करते. गोळीवर चहा किंवा दूध घ्यायचं नाही, लिंबाचं पाणी घ्यायचं. सरावानंतर वडापाव आणि कटिंग हा मुंबईतल्या प्रत्येक मैदानाचा नेम आहे. वडापाव मी बंद केला नाही. चहा मात्र तासभर पुढे ढकलायला लावला, कारण जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही.

गूळ-शेंगदाणे, खजूर, नाचणी, अळिवाचे लाडू हे सगळं चांगलंच. एका मुलीच्या आईनं डबाभर अळिवाचे लाडू पाठवले आणि ते पाच मिनिटांत संपले. पण ८.६चं रक्त नुसत्या लाडवांवर १२ होत नाही. गोळी लागते आणि गोळीला वेळ लागतो. पहिले दोन-तीन आठवडे रिपोर्टात फारसा फरक दिसत नाही. महिन्याला एखाद-दोन ग्रॅम वाढलं तर उत्तम चाललंय म्हणायचं. आकडा जागेवर आल्यावरही अंगातला साठा भरायला पुढे तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते.

संपादक महाशय, माझं म्हणणं याच हिशेबाचं आहे. आमच्या कॉलेजात संघाचा सराव जुलैच्या चौथ्या आठवड्यात सुरू होतो आणि पहिला सामना सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात असतो. मध्ये मिळतात सात आठवडे, त्यातही पावसाचे बुडालेले दिवस वेगळे. या १८ आणि १९ ऑगस्टला तर लोकलच धड चालत नव्हत्या, मैदानाचं तळं झालं होतं. सात आठवड्यांत पासिंग सुधारेल, कॉर्नर बसवता येतील, ऑफसाइडची ओळ धरायला शिकवता येईल. रक्त भरून निघणार नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या मुली तर कॉलेजातच असतात. त्यांची तपासणी एप्रिलमध्ये, परीक्षा संपते त्या आठवड्यात झाली तर मे-जून-जुलै हातात येतात आणि त्या सरावाला भरल्या अंगानं येतील. पहिल्या वर्षाच्या मुलींची तपासणी प्रवेशानंतर लगेच, खेळासाठी नाव नोंदवतानाच करावी. जिमखान्याच्या फॉर्मवर उंची, वजन, बुटांचा नंबर विचारतात, तिथे हिमोग्लोबिनचा एक रकाना वाढवा. शाळेत असताना या मुलींना आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळायची, त्यांना अजून आठवते. कॉलेजात आल्यापासून कोणी दिलेली नाही.

खाण्याचंही तसंच. कॉलेज जेवणाचा आणि प्रवासाचा भत्ता देतं तो सामन्याच्या दिवशी. सरावाच्या दिवसांना काही नाही. पावणेपाचला घर सोडणारी मुलगी साडेआठला वडापाव खाते, तोवर तिच्या पोटात चहा असतो. आम्ही दहा-बारा जणांनी वर्गणी काढली आणि ११ ऑगस्टपासून सव्वासहाला प्रत्येकीच्या हातात दोन केळी आणि एक राजगिऱ्याची चिक्की पडते. मीठ-साखर-लिंबाचं पाणी एका मोठ्या थर्मासात मीच नेते. खर्च आम्हाला झेपण्यासारखा आहे, पण हे आमच्या वर्गणीवर का चालावं, हा प्रश्न मी कॉलेजच्या क्रीडा विभागाला लेखी विचारला आहे. उत्तर यायचं आहे.

जाता जाता एक. चिखलात खेळताना गुडघे सोलवटतात आणि पोरी तशाच डबक्यात उतरतात. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मी वॉर्डात लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचे पेशंट बघितले आहेत, तरणीताठी माणसं. उंदराच्या मुतानं खराब झालेलं पाणी जखमेतून आत जायला वेळ लागत नाही. सोलवटलेल्या गुडघ्यावर पट्टी लावूनच उतरायचं, घरी गेल्यावर पाय साबणानं धुवायचे आणि त्या दिवसांत ताप आला तर अंगावर काढायचा नाही, डॉक्टरांना मैदानावरच्या पाण्याचं सांगायचं. हे प्रत्येक मैदानावर कोणीतरी सांगायला हवं.

तर २४ ऑगस्टचा तिसरा सामना. समोर तोच संघ, ज्यानं पहिल्यांदा चार गोल घातले होते. गोलकीपरला सरांनी खेळवलं नाही, ती कडेला माझ्याजवळ बसून ओरडत होती. सरांनी फेऱ्यांऐवजी मध्ये थांबत-थांबत छोट्या धावा आणि मग पाण्यासाठी दोन मिनिटं असा सराव घेतला होता, आणि सामन्यातही मधल्या दोघींना आलटून-पालटून बाहेर काढलं. बेचाळिसाव्या मिनिटाला विंगरच्या क्रॉसवर आमचा गोल झाला. पन्नासावं मिनिट आलं आणि मी वहीवरून मान वर केली ती खाली घालवेना. पंचावन्न. साठ. पोरी धावत होत्या. पहिल्या हाफसारख्या नाहीत, थकलेल्याच, पण धावत होत्या. ओरडून एकमेकींना जागा सांगत होत्या. बासष्टाव्या मिनिटाला एकीच्या पोटरीत गोळा आला, तिनं पाय ताणून घेतला आणि परत उभी राहिली.

एकोणसत्तराव्या मिनिटाला माझ्याच नातीच्या पायातून चेंडू निसटला आणि त्यावर बरोबरीचा गोल झाला. १-१. ती रडत बाहेर आली. मी तिला वही दाखवली. ३ ऑगस्टला याच जागी, याच वेळेला, समोरची मुलगी तिच्या बाजूनं निघून गेली तेव्हा ती जागची हललीसुद्धा नव्हती. यावेळी चेंडू निसटल्यावर ती त्या मुलीच्या मागे पार गोलपर्यंत धावली होती.

हा गोळीचा चमत्कार म्हणून कोणी सांगू नये. तेव्हा गोळी सुरू होऊन जेमतेम चौदा दिवस झाले होते. हा फरक केळ्यांचा, पाण्याचा, उघड्या शौचालयाचा आणि सरांनी ऐकून घेतल्याचा आहे. गोळीचा फरक अजून पुढे आहे, आणि या मुलींपैकी काहींच्या बाबतीत तो स्पर्धा संपल्यावर येईल. याचीच मला रुखरुख आहे. २०२५च्या ५ जुलैला भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून २०२६च्या आशियाई चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. आमच्या पोरींनी ती बातमी कापून एका डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली आहे. त्यांना काय हवंय ते त्यांना पक्कं माहीत आहे.

आपल्या वार्ताहरांना माझी विनंती आहे की त्यांनी एकदा सामना सोडून सरावाला यावं, सकाळी सव्वासहाला, आणि प्रत्येकीला विचारावं की ती किती वाजता घरून निघाली. गणपतीत लालबागमधून वाट काढणं अवघड, म्हणून २७ पासून सरावाला सुट्टी आहे. सुट्टीतही गोळ्या चालू आहेत, त्याची आठवण मी फोनवरून करते. अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. ८ तारखेला, सोमवारी, दहाही जणींची दुसरी तपासणी ठरली आहे. गोलकीपरचा आकडा काय येतो ते मी आपल्याला कळवीन.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
लालबाग, मुंबई

(नात संघात असल्यानं कृपया माझं नाव छापू नये.)